बॉल पायथन खात नसेल तर: उंदीर बदलण्याआधी काय तपासायचं

थंडी पडायला लागली की पुण्यात बॉल पायथन पाळणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते: तीन आठवडे झाले, उंदराला तोंड लावत नाही. मग घाबरून रोज उंदीर दाखवला जातो. आज छोटा, उद्या मोठा, परवा जिवंत. साप मात्र आणखीच आकसून बसतो. खरं कारण बहुतेक वेळा उंदरात नसतंच. ते साप ठेवलेल्या टबाच्या तापमानात, लपायच्या जागेत, जवळ आलेल्या कातीत नाहीतर ऋतूत असतं. म्हणून आधी वजन, मग टब, मग आठवडाभर पूर्ण शांतता आणि सगळ्यात शेवटी उंदराचे प्रयोग, असा क्रम ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि साप जेवला, तर कशामुळे जेवला हे कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे सगळं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या बंदिवासात जन्मलेल्या परदेशी सापांबद्दल आहे. आपल्याकडचा अजगर, धामण, मांडूळ, दिवड, यातला कुठलाही देशी साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. असा साप घरात असेल तर त्याला खायला घालायचे उपाय शोधू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. बॉल पायथन साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये येतो, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंद केलेली नसेल तर तेही काम उरकून घ्या.

आधी वजन करा

स्वयंपाकघरात मिळतो तसा 1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा घ्या, पण सापासाठी वेगळा. झाकणाचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, साप डब्यात सोडा, वजन लिहा. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, शक्यतो शी करून गेल्यानंतर. हा कागद टबालाच चिकटवून ठेवा आणि त्यावर उंदीर कधी दिला, घेतला की नाही, कात कधी टाकली हेही लिहित जा.

उपास काळजीचा आहे की नाही, हे दिवसांवरून ठरत नाही, वजनावरून ठरतं. 1,400 ग्रॅमची प्रौढ मादी दोन महिने जेवली नाही आणि 1,360 वर आली, तर काही बिघडलेलं नाही. प्रौढ बॉल पायथन, विशेषतः नर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जेवण सोडून बसतात. तो विणीचा काळ असतो. असा साप पाणी पितो, संध्याकाळी बाहेर फिरतो, अंग गोल आणि घट्ट असतं. याउलट 90 ग्रॅमचं पिल्लू 78 वर आलं तर ते गंभीर आहे, मग उपास तीनच आठवड्यांचा का असेना. साधा हिशोब: मूळ वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसायला लागला, की घरगुती प्रयोग थांबवायचे आणि सापांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठायचा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, त्यामुळे हा पत्ता साप धडधाकट असतानाच शोधून ठेवा.

पशुवैद्याकडे न थांबता जायची आणखी कारणं: श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर ताणून बसणं, हिरड्यांवर पिवळा चिकट थर, डोकं डुगडुगणं किंवा उलटं पडल्यावर सरळ न होता येणं, आणि खवल्यांच्या फटीत किंवा पाण्याच्या भांड्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे माइट्स, सापाचे पिसू म्हणा. त्यांच्यावर घरातला झुरळ-मुंग्यांचा स्प्रे मारू नका, साप दगावू शकतो.

टब आणि पुण्याची हवा

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. त्याला टबाची एक बाजू 31 ते 33 अंश आणि दुसरी 25 ते 27 अंश लागते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं रात्रीचं तापमान 10 अंशांच्या आसपास उतरतं. अशा वेळी खोली 18-19 वर येते आणि एकट्या हीट मॅटच्या, म्हणजे टबाखाली घालायच्या विजेच्या गरम चटईच्या, जोरावर टबातली हवा गरम होत नाही. मॅटवरची जागा 32 दाखवते, पण चार बोटं वर 21 असते. साप थंड असला की त्याचं पचन चालत नाही, आणि पचन चालणार नसेल तर तो खात नाही. हा हट्ट नाही, हे त्याचं शरीर बरोबर काम करत असल्याचं लक्षण आहे.

काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर विश्वासाचे नसतात. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब गरम बाजूच्या लपणाच्या आत, जमिनीलगत, जिथे साप पोट टेकतो तिथे. दुसरा थंड बाजूला. वाचन दुपारी एकदा घ्या आणि पहाटे पाचच्या सुमारास एकदा. थंडीतला घोटाळा पहाटेच्या आकड्यातच दिसतो. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नका, बिनलगामाची मॅट 45 अंशांपर्यंत जाऊन पोट भाजते. मॅटने टबाच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापावा, जास्त नको. पहाटेची हवा 24 च्या खाली जात असेल तर टबाच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा. काचेची टाकी असेल तर जाळी लावलेला सिरॅमिक हीटर वरून द्या, त्यालाही वेगळा थर्मोस्टॅट.

वीज जाण्याचा हिशोबही यात धरायचा. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बरेचदा गुरुवारी निघतात. चार-पाच तास वीज नसेल तर आदल्या संध्याकाळी उंदीर देऊ नका. पोटात उंदीर आणि टब थंड, म्हणजे उलटीला आमंत्रण. छोटी हीट मॅट फार वीज खात नाही, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते, तेव्हा तिचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आणून ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत दुपारी 36-37 अंश होतात. थंड बाजूच 33 वर गेली तर सापाला पळायला जागाच उरत नाही आणि तो जेवण सोडतो. टब खालच्या बाजूला, आतल्या खोलीत आणा. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबाला बाहेरून टेकवा.

आर्द्रता 55 ते 70 टक्के हवी, कात येत असताना 70. मार्च ते मे पुण्यातली दुपारची हवा अगदी कोरडी होते. अशा हवेत कात तुकड्यातुकड्यांत निघते, डोळ्यांवर टोप्या अडकतात आणि डोळ्यांवर जुनी कात असलेला साप सहसा शिकार घेत नाही. तळाला रोपवाटिकेत मिळणारा नारळाचा भुसा चार बोटं जाड पसरा. त्याच्या कोपऱ्यात पाणी ओता, वरून शिंपडू नका, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. पावसाळ्यात हेच पाणी बंद करायचं. जुलैच्या हवेत भुसा ओला राहिला तर बुरशी येते आणि पोटाचे खवले लालसर होऊन कुजायला लागतात.

लपायची जागा हा बऱ्याच उपासांचा मूळ मुद्दा आहे आणि नेमकी तीच जागा शोभेची, मोठी, दोन्हीकडून उघडी घेतली जाते. बॉल पायथनला आपल्या अंगाला चहूबाजूंनी भिंत टेकलेली हवी असते. वेटोळं घालून बसल्यावर पाठ छताला लागली पाहिजे. एकाच मापाच्या दोन लपणाच्या जागा ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. नाहीतर साप ऊब आणि सुरक्षितता यातली एकच निवडतो आणि बहुतेकदा तो ऊब सोडतो. कुंभाराकडची साधी मातीची कुंडी उत्तम चालते: उलटी ठेवायची, काठाला सापाच्या अंगाच्या जाडीच्या दीडपट खाच फोडायची आणि खाचेची धार पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढायची. पिल्लू मोठ्या रिकाम्या काचेच्या टाकीत ठेवलं असेल तर तिन्ही बाजूंना बाहेरून कागद लावा आणि आत प्लास्टिकची पानं, सालींचे तुकडे इतके भरा की या टोकापासून त्या टोकापर्यंत ते उघड्यावर न येता जाऊ शकेल.

एक खास पुण्याची गोष्ट. साप जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडातून टिपतो. गणपतीत रस्त्याकडेच्या घरात दहा दिवस ढोल-ताशाने फरशी थरथरत असते, दिवाळीत फटाके. टब जमिनीवर असेल तर तो वर, आतल्या भिंतीलगत, खाली दोन इंच फोम घालून ठेवा. मिरवणुकीच्या दिवसांत उंदीर देऊच नका. त्या काळात नाकारलेला उंदीर मोजायचा नाही.

सात दिवस हात लावायचा नाही

टब नीट केल्यावर किमान सात दिवस, नवीन आणलेल्या सापाला दहा ते चौदा दिवस, हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, घाण काढायची, बस. पाहुण्यांना दाखवायचं नाही, फोटो नाहीत. डोळे दुधाळ, निळसर झाले असतील आणि पोट गुलाबी दिसत असेल तर कात येतेय. ती पूर्ण निघून दोन दिवस होईपर्यंत उंदीर देऊ नका. काही साप या काळातही खातात, पण आधीच नाखूष असलेल्याला नकार द्यायची आणखी एक संधी कशाला?

शेजारपाजारचे सल्ले या दिवसांत भरपूर मिळतात. दूध हे सापाचं अन्न नाही, नागपंचमीच्या दिवशीही नाही. अंडं, चिकनचे तुकडे, खिमा यातलं काहीही बॉल पायथनला चालत नाही. भूक लागावी म्हणून लिव्हर टॉनिक किंवा जंतांचं औषध अंदाजाने देऊ नका. मेट्रोनिडॅझोलसारखं औषध जास्त झालं तर सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

उंदीर: माप, वितळवणं, ऊब

माप ठरवायला दोन निकष लावा. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी किंवा किंचित कमी. वजन पिल्लासाठी त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, प्रौढासाठी 5 ते 7 टक्के. म्हणजे 70 ग्रॅमच्या पिल्लाला 8-10 ग्रॅमचा उंदीर, 300 ग्रॅमच्याला 30-40 ग्रॅमचा, 1,200 ग्रॅमच्या प्रौढाला 60-80 ग्रॅमचा, तोही दोन-तीन आठवड्यांनी एकदा. उपास मोडताना नेहमीपेक्षा एक माप लहान द्या. मोठा उंदीर बघून साप मागे सरतो, हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. ज्यांना भरपूर खाऊ घालून थुलथुलीत केलेलं असतं, ते प्रौढ तर महिनोन्‌महिने थांबतात आणि ते त्यांच्या भल्याचंच असतं.

उंदीर विक्रेत्याकडून गोठवलेलाच घ्या. घरात पिंजऱ्यात सापडलेला किंवा गल्लीतला उंदीर कधीही देऊ नका. त्याने विषाची वडी खाल्लेली असू शकते आणि ते विष सापाच्या पोटात जातं. जिवंत उंदीर टबात सोडून झोपायला जाणं तर मुळीच नको. भूक नसलेल्या सापाला उंदीर रात्रभर कुरतडतो, पाठीचं मांस उघडं पडेपर्यंत. गोठवलेले उंदीर हवाबंद डब्यात, डब्यावर नाव लिहून ठेवा. घरातल्यांचा फ्रीजला विरोध असेल तर तो रास्त आहे, यासाठी वेगळा छोटा फ्रीझर घ्या. सापाचा चिमटा, भांडी, काटा यातलं काही स्वयंपाकघरात येता कामा नये. साप आणि उंदीर दोघांकडूनही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारे जंतू, येतात.

आदल्या रात्री उंदीर झिपलॉक पिशवीत घालून फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. 30-40 ग्रॅमचा उंदीर आठ-दहा तासांत पूर्ण वितळतो. पोट दाबून बघा, आत कडक गोळा लागला तर अजून वितळलेला नाही. मधला भाग बर्फ राहिलेला उंदीर गिळला गेला तर साप उलटी करतो. मायक्रोवेव्ह वापरू नका, आतून शिजतो आणि पोट फुटतं. द्यायच्या पंधरा मिनिटं आधी पिशवीसकट उंदीर 45 अंशांच्या पाण्यात बुडवा, म्हणजे हात घातला तर चांगलं कढत वाटेल पण काढून घ्यावा लागणार नाही इतकं. अंगाचं तापमान 37 ते 40 अंश झालं पाहिजे.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पुष्कळ नकार याच जागी असतात. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात तो शिकार मुख्यतः उबेवरून शोधतो. पिशवीत पाणी शिरून उंदीर ओला झाला, तर बाहेर काढल्यावर बाष्पीभवनाने त्याची कातडी मिनिटभरात गार पडते. आपल्या हाताला उंदीर कोमट लागतो, सापाला तो आसपासच्या हवेसारखाच दिसतो. म्हणून पिशवी घट्ट बंद हवी. केस ओले झालेच तर कागदाने पूर्ण कोरडे करा आणि शेवटचं अर्धं मिनिट हेअर ड्रायरने फक्त डोकं गरम करा. डोकं अंगापेक्षा दोन-तीन अंश गरम असलं की साप डोक्याकडूनच पकडतो आणि गिळणंही सोपं जातं.

द्यायची वेळ अंधार पडल्यावर एक-दोन तासांनी. खोलीतला दिवा बंद, बाहेरच्या खोलीचा उजेड पुरे. साप लपणाच्या तोंडाशी डोकं ठेवून बसला असेल, मानेत इंग्रजी एस सारखा बाक असेल, जीभ सावकाश बाहेर येत असेल, तर तो शिकारीच्या तयारीत आहे. 30 सेंटिमीटरच्या चिमट्याने उंदीर कमरेकडून धरा, डोकं सापाकडे. बाजूने, जमिनीलगत आणा, वरून नको. वरून शिकारी पक्षी येतो. सापाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबा आणि उंदराला हलके झटके द्या, मधे थांबा, पुन्हा झटका. नाकावर उंदीर आपटू नका. सापाने मान मागे ओढून डोकं वेटोळ्यात घातलं, तर त्या रात्रीपुरतं चिमट्याचं काम संपलं. नुसतं दुर्लक्ष केलं, तर दहा मिनिटांत गार झालेला उंदीर पुन्हा गरम करून एकदाच आणखी दाखवा. तरीही नाही, तर तो गरम करून लपणाच्या तोंडाशी बशीत ठेवा, टब झाकून टाका आणि सकाळपर्यंत डोकावू नका. बरेच लाजाळू साप असेच, कुणी बघत नसताना खातात. सकाळी उरलेला उंदीर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका.

पुढचा प्रयत्न पिल्लासाठी पाच ते सात दिवसांनी, प्रौढासाठी चौदा दिवसांनी. त्याआधी अजिबात नाही. रोज रोज चिमटा आत आला की सापाच्या दृष्टीने चिमटा हाच धोका ठरतो.

तरीही नाही म्हणाला तर

दोन नीट केलेले प्रयत्न वाया गेल्यावर मगच पुढचे उपाय, एका प्रयत्नात एक. पहिला: प्रकार बदला. आधीच्या मालकाकडे तो पांढऱ्या छोट्या उंदरांवर वाढला असेल आणि तुम्ही मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू देत असाल तर त्याला तो वास अन्नाचा वाटतच नाही. विकणाऱ्याला विचारा: काय देत होतात, जिवंत की गोठवलेला, केवढा, किती वाजता. दुसरा: छोट्या उंदरांच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा पिशवीत घालून त्यात वितळलेला उंदीर तासभर ठेवा, म्हणजे ओळखीचा वास लागेल. तिसरा, पिल्लांसाठी: साप आणि गरम उंदीर दोघांना भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात घालून डबा टबाच्या गरम बाजूला रात्रभर ठेवा. अंग टेकेल अशा बंद जागेत पिल्लू धीट होतं. चौथा: उंदराच्या कवटीला जाड सुईने टोचून आतला थेंब नाकाशी येऊ द्या. वाचायला कसंतरी वाटतं, पण अडून बसलेली कित्येक पिल्लं यावर सुरू होतात.

कॉर्न स्नेकच्या पिल्लाचं गणित थोडं वेगळं. पहिली कात टाकल्याशिवाय ते खात नाही. त्यानंतर 2-3 ग्रॅमचं केस न आलेलं उंदराचं पिल्लू द्यायचं. नाकारलं तर ते बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, कोरडं करून पुन्हा द्या; उंदराचा वास कमी झाला की काही पिल्लं लगेच घेतात. पालीचा वास लावायचा सल्ला मिळेल, पण घरातल्या पालीतून परजीवी येतात, तेव्हा तो मार्ग टाळा.

तोंड उघडून उंदीर आत सारणं किंवा नळीने भरवणं हे पशुवैद्याचं काम आहे. सापाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, ते तुटतात, हिरडी सोलली जाते, आणि नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर साप जातो. पहिल्या कातीनंतर पाच आठवडे काहीच न खाल्लेलं पिल्लू मात्र पशुवैद्याला दाखवायलाच हवं, वाट बघत बसू नका. जाताना वजनाचा कागद, टबाच्या तापमानाचे आकडे आणि ताजी शी डबीत घालून न्या.

खाल्ल्यावर 48 तास हात लावायचा नाही, पोट फुगलेलं दिसत असेल तर तीन दिवस. गरम बाजू रात्रीसुद्धा 31 च्या खाली जाऊ देऊ नका. पुढचा उंदीर लगेच चारचार दिवसांनी देऊन भरपाई करू नका, एकाच लहान मापाचे तीन उंदीर नेहमीच्या अंतराने गेले की मग माप वाढवा. उलटी झाली तर टब धुवा, पाणी बदला, चौदा दिवस काहीही देऊ नका आणि नंतर नेहमीच्या निम्म्या मापाचा उंदीर द्या. दुसऱ्यांदा उलटी झाली तर बाहेर टाकलेला उंदीर पिशवीत बंद करून साप आणि पिशवी दोन्ही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.